घरची लागर पहिल्यांदा बाटलीत भरताना: क्रम, साखरेचा हिशेब आणि नेहमीच्या चुका

बिअर उकळून, आंबवून, महिनाभर थंडीत ठेवून झाली की आता फक्त भरायचंच काम उरलं, असं वाटतं. घोळ नेमके तिथे होतात. पहिल्यांदा लागर भरणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या: बाटली उघडली तर फुस्स आवाजसुद्धा नाही, नाहीतर उघडताच अर्धी बिअर ओट्यावर. आणि दोन्ही जमलं, तर दोन महिन्यांनी ओल्या पुठ्ठ्यासारखी चव.

पहिल्या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गैरसमज असतो. लागर ही थंडीतली बिअर, म्हणून तिचं सगळंच थंडीत करायचं, असं लोक धरून चालतात. हायड्रोमीटरचं (बिअरची घनता दाखवणाऱ्या काचेच्या तरंगत्या नळीचं) माप थंड नमुन्यावर घेतात, बाटलीत फेस यावा म्हणून घालायच्या साखरेचा हिशेब फ्रीजच्या तापमानावर करतात आणि भरलेल्या बाटल्याही थंड गॅरेजमध्ये ठेवतात. तिन्ही चुकीचं आहे. का, ते त्या त्या टप्प्यावर येईलच.

आधी कायद्याचं. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली गुन्हा आहे. त्यामुळे हा लेख ब्रिटन, अमेरिका अशा देशांत राहणाऱ्यांसाठी आहे, जिथे स्वतःपुरती बिअर घरी करता येते. अमेरिकेत केंद्रीय कायद्याप्रमाणे एका प्रौढ माणसाच्या घरात वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन ही मर्यादा आहे. विकायला मात्र कुठेही परवाना लागतो. मंडळाच्या गणपतीत स्टॉल लावायचा विचार मनात असेल तर सोडून द्या, इतर कारणांसाठीही.

खालची सगळी मापं १९ लिटरच्या बॅचची आहेत. आंबण्याआधीची घनता १.०४८ च्या आसपास, यीस्ट लागरचं, आंबवणं १० ते १२ अंश सेल्सिअसला, असं धरलं आहे.

जवळ काय हवं

हायड्रोमीटर आणि त्याची उंच नळी, एका ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा, थर्मामीटर, सायफन, तळाशी नळ असलेली बादली, बाटलीत तळापर्यंत जाणारी झडपेची भरणनळी, कॅपर (बूच दाबून बसवायचं यंत्र) आणि पत्र्याची दातेरी बुचं. झडपेच्या नळीवर पैसे वाचवू नका. नुसत्या रबरी नळीने भरताना बिअर उडते, हवा मिसळते आणि जमीन चिकट होते ती वेगळीच. याशिवाय फ्रीज, किंवा तापमान राखणारा कंट्रोलर लावलेला चेस्ट फ्रीझर. तो तुमच्याकडे असणारच, कारण त्याच्याशिवाय लागर इथवर आली नसती.

टप्पा १: आंबणं खरंच संपलं आहे का

एअरलॉकमधले, म्हणजे आंबवायच्या भांड्याच्या झाकणावर वायू बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या नळीतले, बुडबुडे थांबले याचा अर्थ आंबणं संपलं असा होत नाही. झाकण थोडं सैल असलं तरी बुडबुडे थांबतात, आणि तापमान चढलं तर संपलेल्या बिअरमधूनही नुसता विरघळलेला वायू बाहेर येतो. भरवसा ठेवायचा तो हायड्रोमीटरवर.

१. थंडीत ठेवण्याआधी नमुना काढा. दोन भांड्यांत वरून-खाली ओतून त्यातला वायू घालवा, कारण बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून त्याला वर उचलतात.

२. नमुना हायड्रोमीटरवर छापलेल्या तापमानाला आणा. बहुतेकांवर २० अंश असतं. २ अंशांवरच्या थंड नमुन्यात माप सुमारे ०.००२ ने जास्त दिसतं.

३. आकडा लिहून ठेवा. तीन दिवसांनी पुन्हा घ्या. दोन्ही सारखे आणि अपेक्षित टप्प्यात असतील (अशा बिअरला साधारण १.००९ ते १.०१२), तर आंबणं संपलं.

रिफ्रॅक्टोमीटरचा (थेंबातून जाणाऱ्या प्रकाशावरून साखर मोजणाऱ्या उपकरणाचा) आकडा इथे सरळ वापरू नका. अल्कोहोल तयार झालं की तो घनता वाढवून दाखवतो.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? बाटलीत गेल्यावर घनता ०.००१ ने जरी उतरली, तरी सुमारे अर्धा व्हॉल्यूम, म्हणजे लिटरभर बिअरमागे अर्धा लिटर, वायू जास्तीचा तयार होतो. १.०१४ वर अडकलेली बिअर संपली समजून भरली आणि ती पुढे १.०१० पर्यंत गेली, तर साखरेने येणाऱ्या फेसावर आणखी दोन व्हॉल्यूमची भर पडते. साध्या बिअरच्या काचेला तो दाब झेपेलच असं नाही.

> सावधान: घनता १.०१२ च्या वर अडकली असेल तर भरू नका. तापमान १८ अंशांपर्यंत चढवा, फर्मेंटर (आंबवायचं भांडं) हलकेच गोल फिरवून खाली बसलेलं यीस्ट उठवा, आठवडाभर थांबा. बाटलीत पुढचं आंबेल, हा हिशेब करू नका.

टप्पा २: लोण्याच्या वासाची परीक्षा

लागरचं यीस्ट थंडीत काम करताना डायसेटिल नावाचं द्रव्य मागे सोडतं. त्याला लोण्याचा, सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नचा वास असतो. ते यीस्टच पुन्हा खाऊन टाकतं, पण त्यासाठी त्याला थोडी ऊब लागते. म्हणून आंबणं पाऊण भाग झालं की बिअर १६ ते १८ अंशांवर आणून दोन-तीन दिवस, गरज पडली तर जास्तही, ठेवतात.

ही विश्रांती पुरेशी झाली का, हे नुसत्या चवीने कळत नाही, कारण डायसेटिलचं आधीचं रूप बिनवासाचं असतं आणि ते नंतर बाटलीत उघडं पडतं. त्यासाठी दोन पेल्यांत थोडी थोडी बिअर घ्या आणि दोन्ही झाका. एक पेला ६० ते ७० अंशांच्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवा, मग थंड करा. दुसरा तसाच राहू द्या. आता दोन्ही हुंगा. गरम केलेल्यात लोण्याचा वास आला आणि दुसऱ्यात आला नाही, तर बिअर अजून ऊबेत हवी. दोन्हींत नसेल तर पुढे जा. दोन्हींत असेल, तर अर्थातच थांबा.

> लिहून ठेवा: आंबणं संपल्यानंतर बिअर जास्तीत जास्त किती तापमानाला होती? १८ असेल तर १८. साखरेचा सगळा हिशेब या आकड्यावर होणार आहे, म्हणून तो फर्मेंटरवर चिकटपट्टी लावून लिहा.

टप्पा ३: थंडीतला मुक्काम

बिअर हळूहळू ० ते ३ अंशांवर न्या आणि तीन ते सहा आठवडे राहू द्या. इथे फार काही करायचं नसतं. एकच काळजी: बिअर थंड होताना आतली हवा आकसते आणि एअरलॉकमधलं पाणी आत ओढलं जातं. थंड करण्याआधी एअरलॉक काढून भोकाला गच्च बूच लावा, किंवा एअरलॉकमध्ये पाण्याऐवजी निर्जंतुक करायचं द्रावण अगदी थोडं ठेवा. झाकण उघडून रोज बघायचा मोह आवरा.

टप्पा ४: बाटल्या निवडणं

१९ लिटरमधला साका वगळून हाती साडेअठरा लिटर आले तरी ५०० मिलिलिटरच्या ३७ बाटल्या लागतात. चाळीस तयार ठेवा. ३३० मिलिलिटरच्या असतील तर साठ.

तपकिरी, जाड काचेच्या, ज्यांना ओपनरने उघडायचं बूच होतं त्या बाटल्या घ्या. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून प्रकाश आत जातो, हॉप्समधल्या कडू घटकांवर पडतो आणि स्कंकसारखा घाणेरडा वास तयार होतो. उन्हात हे काही मिनिटांतसुद्धा होऊ शकतं. अशाच बाटल्या हाताशी असतील तर भरल्याक्षणी अंधारात जायला हव्यात.

हाताने पिरगाळून उघडायच्या बाटल्या टाळा, त्यांच्या आट्यांवर साधं बूच घट्ट बसत नाही. वाइनच्या, ज्यूसच्या, सजावटीच्या चौकोनी बाटल्या तर मुळीच नकोत, त्या दाबासाठी बनवलेल्या नसतात. तारेच्या कडीच्या, चिनी मातीच्या टोपीच्या बाटल्या उत्तम, पण त्यांचं रबर दरवेळी तपासा. कडक झालेलं, चिरलेलं रबर बदला.

प्रत्येक बाटलीच्या तोंडावरून बोट फिरवा आणि उजेडात धरून बघा. टवका किंवा केसाएवढी चीर दिसली तर ती बाटली बाद. दया दाखवू नका.

आणि एक बाटली प्लॅस्टिकची घ्या, सोड्याची किंवा कोल्ड्रिंकची, ५०० मिलिलिटरची. ती पुढे फार कामाला येणार आहे.

टप्पा ५: आधी धुणं, मग निर्जंतुक करणं

ही दोन वेगळी कामं आहेत आणि क्रम उलटा करता येत नाही. तळाशी जुन्या बिअरचा पापुद्रा असेल तर त्यावर कितीही निर्जंतुक द्रावण ओता, पापुद्र्याखाली जंतू सुखात राहतात.

धुण्यासाठी ऑक्सिजनवाली पावडर, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, गरम पाण्यात घालून बाटल्या रात्रभर बुडवा. लेबलंही आपोआप सुटतात. मग बाटलीचा ब्रश फिरवा आणि साध्या पाण्याने खळखळून घ्या. भांड्यांचा साबण नको. त्याचा थर काचेवर राहिला तर पेल्यातला फेस टिकत नाही.

निर्जंतुक करायला स्टार सॅनसारखं आम्लयुक्त द्रावण सोपं पडतं: लिटरला सुमारे १.६ मिलिलिटर, म्हणजे १९ लिटर पाण्याला ३० मिलिलिटर. बाटली आतून सगळीकडून एक-दोन मिनिटं ओली राहिली की काम झालं. उपडी करून निथळू द्या. आत थोडा फेस उरला तर घाबरू नका आणि मुख्य म्हणजे नळाच्या पाण्याने पुन्हा धुऊ नका. तसं केलंत तर केलेलं काम नळाच्या पाण्यात गेलं.

बादली, तिचा नळ, सायफन, भरणनळी, ढवळायचा चमचा, बुचं, सगळं याच द्रावणातून काढा. सगळ्यात जास्त विसरला जातो तो बादलीचा नळ. तो दरवेळी सुटा करून धुवायचा असतो, आतल्या खाचेत काय जमलेलं असतं ते एकदा बघाच.

> सावधान: ब्लीच आणि आम्लयुक्त द्रावण कधीही एकत्र करू नका. विषारी क्लोरीन वायू तयार होतो. शिवाय ब्लीचचा अंश बिअरमध्ये राहिला तर औषधी, बँडेजसारखा वास येतो. माझ्या मते ब्लीच या कामातून पूर्णच वगळावं.

टप्पा ६: साखर किती

फेस किती हवा हे व्हॉल्यूममध्ये मोजतात. एक लिटर बिअरमध्ये एक लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असेल तर तो एक व्हॉल्यूम, वजनात लिटरला साधारण २ ग्रॅम. लागरला २.४ ते २.६ चांगलं दिसतं. पहिल्या वेळी २.५ धरा.

आता खरा मुद्दा. आंबून झालेल्या बिअरमध्ये थोडा वायू आधीच असतो. किती, ते आंबणं संपल्यानंतर ती जास्तीत जास्त किती तापली होती यावर ठरतं:

१० अंश: १.२ व्हॉल्यूम
१२ अंश: १.१
१५ अंश: १.०
१८ अंश: ०.९
२० अंश: ०.८६

थंड द्रवात वायू जास्त मावतो, हे खरं. म्हणून लोक कॅल्क्युलेटरमध्ये फ्रीजचं २ अंश टाकतात आणि तो सांगतो, १.६ व्हॉल्यूम आधीच आहे. पण मावणं वेगळं आणि असणं वेगळं. १८ अंशांवरच्या विश्रांतीत जास्तीचा वायू एअरलॉकमधून निघून गेलेला असतो. नंतर बिअर थंड केली तरी यीस्टने नवा वायू तयार केलेला नाही, मग तो येणार कुठून? म्हणून आकडा टाकायचा तो चिकटपट्टीवर लिहिलेला, १८ चा.

लिटरमागे एक व्हॉल्यूम वाढवायला सुमारे ४ ग्रॅम साधी साखर लागते. डेक्स्ट्रोज वापरत असाल तर ४.४ ग्रॅम. आता आकडेमोड:

हवे २.५, आहेत ०.९, म्हणजे वाढवायचे १.६.
१.६ × ४ ग्रॅम × १९ लिटर = सुमारे १२० ग्रॅम साखर.
डेक्स्ट्रोज असेल तर सुमारे १३४ ग्रॅम.

हाच हिशेब २ अंशांवर केलात तर उत्तर ६८ ग्रॅम येतं आणि बिअरमध्ये जेमतेम १.८ व्हॉल्यूम फेस होतो. मग यीस्ट मेलं, बुचं गळकी निघाली, असे सगळ्यांवर आळ येतात. यीस्ट बिचारं मिळाली तेवढी साखर खाऊन गप्प बसलेलं असतं.

आणखी तीन गोष्टी. लिटर मोजताना रेसिपीतला आकडा घेऊ नका, साका सोडून बादलीत प्रत्यक्ष किती येणार तो घ्या. कृती २३ लिटरची आणि हाती २० लिटर असतील, तर फरक पंधरा टक्क्यांचा पडतो. साखर वजनाने घ्या, वाटी-चमच्याने नाही. आणि गूळ, काकवी, मध यांचा प्रयोग पहिल्या बॅचवर नको. त्यांत आंबणारी साखर किती आणि पाणी किती हे दरवेळी बदलतं, शिवाय हलक्या लागरमध्ये गुळाची चव लपत नाही. साध्या साखरेने बिअरला सायडरची चव येते असं ऐकाल. एवढ्याशा प्रमाणात तसं काही होत नाही.

साखरेच्या गोळ्या वापरायच्या असतील तर त्यांचं माप ठरलेलं असतं. कूपर्सच्या गोळ्या ३७५ मिलिलिटरला एक आणि ७५० ला दोन अशा बेताच्या आहेत. ५०० च्या बाटलीला एक कमी पडते आणि दोन जास्त होतात, म्हणून त्या बाटल्यांना साखर पाण्यात उकळून केलेला पाकच बरा.

> तपासा: काट्यावर आधी माहीत असलेलं वजन ठेवून बघा, साखरेचं न फोडलेलं अर्ध्या किलोचं पाकीटसुद्धा चालेल. २० ग्रॅमची चूक इथे जाणवते.

टप्पा ७: नवं यीस्ट घालायचं का

बिअर चार-पाच आठवडेच थंडीत होती तर सहसा गरज नसते. ती काचेसारखी नितळ दिसली तरी फेस करण्यापुरतं यीस्ट तिच्यात तरंगत असतं. सहा-आठ आठवड्यांच्या वर गेलात, किंवा नितळण्यासाठी जिलेटिन घातलं होतं आणि वर मुक्कामही लांबला, तर थोडं कोरडं यीस्ट घालणं शहाणपणाचं. नाहीतर फेस यायला महिना-दीड महिना लागू शकतो.

१९ लिटरला २ ग्रॅम पुरे, म्हणजे ११.५ ग्रॅमच्या पाकिटाचा साधारण सहावा भाग. डब्ल्यू-३४/७० सारखं साधं लागर यीस्ट चालेल, किंवा बाटलीसाठीच मिळणारं सीबीसी-१. उकळून २५ अंशांच्या आसपास थंड केलेल्या अर्धा कप पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा आणि पाकाबरोबर बादलीत टाका.

> सावधान: घरात उरलेलं कुठलंही यीस्ट ढकलू नका. सेझों (एक बेल्जियन बिअर) प्रकारची काही यीस्ट तुमच्या लागर यीस्टने सोडून दिलेल्या साखराही फोडून खातात आणि बाटलीतला दाब आठवड्यामागून आठवडे वाढत राहतो.

टप्पा ८: भरण्याचा दिवस

फर्मेंटर आदल्या रात्रीच उंच ओट्यावर ठेवा. सकाळी उचललात तर खाली बसलेला साका उठतो आणि तीन आठवड्यांची थंडी वाया जाते.

१. पाक करा. १२० ग्रॅम साखर ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच मिनिटं उकळा. पाक म्हटला तरी तार बघायची नाही, साखर विरघळून पाणी निर्जंतुक झालं की पुरे. झाकून कोमट होऊ द्या.

२. पाक आधी रिकाम्या बादलीत ओता, बिअर त्यावर येऊ द्या. उलटं केलंत, म्हणजे भरलेल्या बादलीत वरून पाक ओतलात, तर तो जड असल्याने तळाशी बसतो. मग काही बाटल्यांत साखर दुप्पट आणि काहींत नावालाही नाही. एकाच बॅचमधल्या काही बाटल्या उसळतात आणि काही निपचित असतात, त्याचं कारण बहुधा हेच.

३. सायफनची नळी बादलीच्या तळाशी कडेने गोल टेकवा, म्हणजे बिअर शांतपणे भोवऱ्यासारखी फिरत चढेल आणि पाक आपोआप मिसळेल. धार वरून पडता कामा नये. आंबणं संपल्यावर बिअरला लागलेला प्रत्येक बुडबुडा हवेचा म्हणजे पुढे पुठ्ठ्याची चव. सायफन तोंडाने ओढून चालू करू नका, तोंडात लॅक्टिक जंतू भरपूर असतात.

४. तळाचा शेवटचा साका येऊ लागला की थांबा. अर्ध्या लिटरच्या लोभापायी सगळी बॅच गढूळ करण्यात अर्थ नाही.

५. निर्जंतुक चमच्याने तळापासून अगदी हळू, फेस न करता, सात-आठ वेळा ढवळा. अर्ध्या बाटल्या भरून झाल्यावर पुन्हा एकदा, तितकंच हळू.

६. भरणनळी बाटलीच्या तळाला टेकवा आणि बाटली तोंडोतोंड भरू द्या. नळी बाहेर काढली की तिच्याएवढी जागा रिकामी होते, साधारण अडीच सेंटिमीटर. तेवढीच हवी. जास्त रिकामी जागा म्हणजे जास्त हवा.

७. प्रत्येक बाटलीवर बूच लगेच नुसतं ठेवून द्या आणि पाच-सहा झाल्या की कॅपरने दाबा. बिअरचा थोडा फेस तोंडाशी आला असेल तर उत्तम, फेसावर बूच लावल्याने हवा बाहेर जाते.

८. प्लॅस्टिकची बाटली मधेच कधीतरी भरा. दाबून वरची हवा काढा आणि ती दबलेली असतानाच झाकण पिरगाळा.

९. बुचांवर मार्करने तारीख लिहा आणि पहिल्या पाच, मधल्या पाच, शेवटच्या पाच बाटल्यांवर खूण करा. पाक नीट मिसळला होता का, हे पुढे या खुणाच सांगतील.

> तपासा: दाबलेलं बूच बोटांनी फिरवून बघा. फिरलं तर कॅपर नीट बसलेला नव्हता. तेच बूच पुन्हा दाबू नका, नवं लावा.

टप्पा ९: आता ऊब, थंडी नाही

बाटल्या १८ ते २१ अंशांवर, अंधारात, उभ्या, दोन ते तीन आठवडे. लागर यीस्टला ऊबेत ठेवलं तर चव बिघडेल ही भीती इथे लागू नाही. मूळ आंबण्यात यीस्ट वाढत असतं, तेव्हा ऊबेने फळांचे वास येतात. बाटलीत लिटरला जेमतेम सहा ग्रॅम साखर खायची असते, त्यातून जाणवण्याजोगं काही निर्माण होत नाही. याउलट ५ अंशांच्या गॅरेजमध्ये ठेवलेलं यीस्ट झोपून राहतं आणि महिन्याने बाटली उघडली तर गोडसर, बिनफेसाची बिअर मिळते.

ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रात्री हीटिंग बंद होतं आणि घर १४-१५ अंशांवर उतरतं. तिथे आठवडाभर जास्त धरा. बॉयलरजवळच्या कपाटात ठेवणार असाल तर आधी आत थर्मामीटर ठेवून बघा, काही कपाटं तिशी गाठतात. टेक्सास-ॲरिझोनातल्या उन्हाळी गॅरेजचा तर विचारही नको.

बाटल्या झाकणाच्या जाड प्लॅस्टिकच्या पेटीत किंवा मूळ पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद ठेवा. एखादी फुटलीच तर काचा आतच राहतील. मुलं फिरतात त्या खोलीत नको.

प्लॅस्टिकची बाटली रोज दाबून बघा. चार-पाच दिवसांत दबलेली बाजू बाहेर येते, दहा-बारा दिवसांत ती दगडासारखी होते. ती कडक झाली म्हणजे काचेच्या बाटल्याही त्याच वाटेवर आहेत. दोन आठवड्यांनी काचेची एक बाटली दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवून उघडा. ऊबेतल्या बाटलीवरून निर्णय घेऊ नका. वायू तेव्हा वरच्या रिकाम्या जागेत असतो, तो बिअरमध्ये उतरायला थंडी आणि वेळ लागतो. तासाभरात फ्रीझरमध्ये गार केलेली बाटली उसळते आणि लगेच मरते ती याचमुळे.

टप्पा १०: पुन्हा थंडी

फेस समाधानकारक झाला की सगळ्या बाटल्या २ ते ५ अंशांवर, उभ्या, निदान तीन आठवडे. बाटलीत नव्याने तयार झालेला साका या काळात तळाशी घट्ट बसतो आणि बिअरचा कच्चेपणा जातो. एवढ्या बाटल्यांना फ्रीजमध्ये जागा नसेल तर पाळीपाळीने ठेवा, उरलेल्या घरातल्या सगळ्यात थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात.

थर्टी फर्स्टला पाहुण्यांपुढे ठेवायची असेल तर मागे मोजा: तीन आठवडे थंडी, तीन आठवडे ऊब, वर एक आठवडा हाताशी. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत बुचं लागलेली हवीत. डिसेंबरात भरून नाताळात प्यायची घाई करणाऱ्यांनी एल (ऊबेत आंबणारी, लवकर तयार होणारी बिअर) करावी.

बिघडलं तर

*फेस नाही.* प्लॅस्टिकची बाटली कडक आहे पण काचेच्या बिनफेसाच्या आहेत, तर बुचं गळताहेत. प्लॅस्टिकचीही मऊ असेल तर तापमान बघा. २० अंशांवर आणा, प्रत्येक बाटली एकदा उलटी करून तळाचं यीस्ट उठवा आणि दोन आठवडे द्या. बाटल्या उघडून वर साखर टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. साखरेचे कण पडताच बिअर उसळून बाहेर येते, आणि आत हवा जाते ती वेगळीच. साखरेचा हिशेब २ अंशांवर झाला होता असं आता लक्षात आलं, तर बिअर तशीच पिऊन टाका. मंद फेसाची लागरही वाईट लागत नाही.

*फक्त काही बाटल्या उसळतात.* खुणा बघा. पहिल्या पाच उसळल्या आणि शेवटच्या शांत, किंवा उलट, तर पाक नीट मिसळला नव्हता. खुणांशी काही मेळ नसेल, उसळणाऱ्या बाटल्यांत आंबट चव आणि तोंडाशी आतून पांढरा वळसा असेल, तर त्या बाटल्या अस्वच्छ होत्या.

*सगळ्याच उसळतात, किंवा एक फुटली.* उरलेल्यांना हात लावण्याआधी डोळ्यांवर संरक्षक चष्मा, हातात जाड मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचं जाड कापड. सगळ्या बाटल्या पेटीसकट थंडीत न्या, कारण थंडीत दाब उतरतो. दोन दिवसांनी, थंड असतानाच, टॉवेलने गुंडाळून एकेक बूच ओपनरने किंचित उचला, वायू सुटू द्या आणि नवं बूच लावा. पहिल्या टप्प्यात घनता स्थिर नव्हती असं वाटत असेल तर ही मेहनत करू नका, थंड बाटल्या उघडून ओतून द्या.

*लोण्याचा वास.* विश्रांती कमी पडली. बाटलीतल्या यीस्टला २० अंशांवर आणखी दोन आठवडे दिले तर वास कमी होण्याची शक्यता असते, खात्री नाही. वासाबरोबर आंबटपणाही वाढत असेल तर तो जंतूंचा आहे, तिथे थांबून उपयोग नाही.

ओतताना पेला तिरपा धरा आणि एकाच संथ धारेत ओता, बाटली मधे सरळ करू नका. तळाचा बोटभर भाग साक्यासकट बाटलीतच राहू द्या. बाटली रिकामी होताच कोमट पाण्याने दोनदा खळखळून उपडी ठेवा, म्हणजे पुढच्या बॅचला ब्रश घासत बसावं लागणार नाही.